टोमणा कसा मारावा, कसा झेलावा: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या गॅदरिंगला शेलापागोटे लिहिता-वाचता मला निरोप समारंभ, एकसष्टी, हळदीच्या रात्रीचे कार्यक्रम अशी बोलावणी येऊ लागली, आणि त्यांच्या मागोमाग प्रश्न. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच उत्तरं देऊन ठेवतो. एखादं उत्तर आधी येऊन गेलं असेल तर फक्त क्रमांक दिला आहे. उदाहरणं खुशाल वापरा, पण समोरचा माणूस बघून.

1. कोपरखळी, टोमणा, शालजोडीतला हे सगळं एकच ना?

नाही. मिसळीला ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आलेला एकच मित्र घेऊ.

कोपरखळी: "आलास? तुझ्या वाटची मिसळ आम्ही आत्ताच संपवली."
टोमणा: "काहींच्या घड्याळाला फक्त तासकाटा असतो."
शालजोडीतला: "तू आलास ते बरं झालं. समारोपाला कोणीतरी मोठं माणूस लागतंच."

कोपरखळीत मित्रही हसतो. टोमण्यात जुनी तक्रार असते आणि ती त्याला कळते. शालजोडीतला बसल्यावर तो आधी "थँक यू" म्हणतो आणि रस्सा मागवताना थांबतो. चौथा प्रकार शिवी. त्याचं उदाहरण द्यायची गरज नाही.

2. मला राग आला की सरळ शिवीच तोंडात येते. खोचक असं काही सुचतच नाही. काय करू?

शिवी कोणालाही बसते. द्वारका चौकात आडवा घुसलेला रिक्षावाला असो की तुमचा चुलतभाऊ, शब्द तेच. त्यासाठी समोरच्याकडे बघावंही लागत नाही. चांगला टोमणा मात्र एकाच माणसाच्या मापाचा असतो, आणि माप घ्यायचं तर त्या माणसाकडे नीट बघावं लागतं. तो बिल आल्यावर काय करतो, फोटो काढताना कुठे उभा राहतो, कोणतं वाक्य दर वेळी ऐकवतो.

"दादा कंजूस आहे" हा आरोप झाला. "बिल आलं की दादाचा फोन वाजतो, सायलेंटवर असला तरी" हा टोमणा. दुसऱ्या वाक्यात कंजूस हा शब्दच नाही. टेबलावरच्या प्रत्येकाने तो क्षण पाहिलेला आहे, त्यामुळे निकाल ऐकणारेच देतात.

बढाईखोर मामा असतील तर "फेकू नका" म्हणून भांडण ओढवू नका. त्यांच्याच दिशेने चार पावलं पुढे चालत जा: "मामांच्या आजोबांची मालमत्ता केवढी होती म्हणता? पंचवटीत रामाला जागा त्यांनीच भाड्यानं दिली होती." मामा स्वतःच हसले तर मामा चांगले.

गावातलं काहीतरी हाताशी असलं की काम सोपं होतं. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. तेव्हा पाणचट आमटी वाढणाऱ्या भावाला "आज मारुतीच्या कमरेला लागलंय" एवढंच म्हणा. मुंबईच्या पाहुण्याला काही कळणार नाही, आणि पाहुण्यासमोर भावाची लाजही जाणार नाही.

एक चाचणी सांगतो. वाक्यातलं नाव बदलून बघा. दुसऱ्या कोणालाही ते तेवढंच लागू पडत असेल तर ते अजून तयार नाही.

3. शालजोडीतला बनवायची काही रीत आहे का?

आहे, आणि जुनी आहे. अलंकारशास्त्रात तिला व्याजस्तुती म्हणतात. "वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर" हा श्लोक बऱ्याच जणांना पाठ असतो. वैद्याला नमस्कार, कारण तो यमाचा सख्खा भाऊ. यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राण आणि पैसे दोन्ही. सुरुवातीचा नमस्कार खराखुरा वाटला पाहिजे, सगळी गंमत त्यात आहे.

रीत अशी: स्तुती खरी करायची, पण भलत्या गोष्टीची. गायकाला सांगा, "तुमचं गाणं ऐकलं आणि तबलजींबद्दलचा आदर वाढला." भरकटलेल्या वक्त्याचे आभार मानताना म्हणा, "सरांनी विषयाला हातही न लावता त्याचं पावित्र्य जपलं." इथे थांबायचं आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळायचं. स्वतःच हसलात किंवा श्रोत्यांकडे बघून भुवया उडवल्यात तर शाल गळून नुसता जोडा उरतो.

4. नाव न घेता बोललेलं जास्त सुरक्षित ना?

कायद्याच्या बाजूनेही नेहमीच असं नाही (प्र. 15 पाहा). घरात तर मुळीच नाही. "काही लोकांना" अशी सुरुवात केली की खोलीतले सगळेच काही लोक होतात, आणि ज्याच्यासाठी बोललात तो सोडून बाकीचे रुसतात.

तरी नाव न घेण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. ज्यांनी इथल्याच टाकळीला तपश्चर्या केली त्या समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं एकामागून एक सांगितली आणि प्रत्येकाला "तो येक मूर्ख" म्हणून सोडून दिलं. वाचणारा आधी शेजाऱ्याला त्यात बसवतो. पाचसहा ओव्यांनंतर स्वतः सापडतो. हे जमतं, कारण यादी लांब आहे आणि एकट्यावर रोख नाही. तुम्ही एकच लक्षण सांगून एकाच दिशेला बघत असाल तर सरळ नाव घ्या.

5. पुणेरी टोमणा आणि नाशिकचा टोमणा यात फरक काय? पुण्याचे नातेवाईक आम्हाला मिळमिळीत म्हणतात.

पुण्याचा उत्तम माल पाटीवर असतो आणि पाटी अनोळखी माणसासाठी असते. गेटसमोर गाडी लावणारा कोण, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नसते. नाशिकमध्ये अजूनही ज्याला टोमणा मारला तो संध्याकाळी भाजीबाजारात, नाहीतर त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात भेटतो. म्हणून इथला टोमणा सावकाश येतो, "काय भो" म्हणून येतो आणि बहुतेकदा खाण्याच्या टेबलावर येतो. मिळमिळीत वाटला तर वाटू दे. पुण्याच्या नातेवाइकांना म्हणावं, "तुमचं बरं आहे, तुम्हाला माणसं लागत नाहीत."

6. उत्तर नेहमी घरी गेल्यावर सुचतं. जागच्या जागी कसं द्यायचं?

घरी सुचलेलं उत्तर फेकू नका. तोच टोमणा तोच माणूस पुन्हा मारणार आहे. टोमणे मारणाऱ्यांचा साठा फार लहान असतो. पुढच्या दिवाळीला वापरा.

जागच्या जागी सगळ्यात सोपं म्हणजे कबूल करणं आणि वाढवणं. काकू म्हणाल्या, "वजन वाढलंय गं तुझं." उत्तर: "हो ना काकू, तुमच्याकडचे लाडू कधी वाया जाऊ दिले नाहीत मी." आरोप मान्य, पण आता आरोपपत्रावर दोन नावं आहेत. "लग्न कधी करतोयस?" याला: "तुम्ही आहेराचं ठरवलंत की लगेच."

काहीच सुचलं नाही तर शांतपणे "म्हणजे?" विचारा. टोमणा समजावून सांगताना मारणारा जितका ओशाळतो तितका कुठल्याच उत्तराने ओशाळत नाही.

7. सासूबाई नणंदेला फोनवर सांगतात पण ऐकवतात मला. "हल्लीच्या मुलींना गोल पोळ्या येतच नाहीत." रोजचं आहे. काय उत्तर देऊ?

लेकी बोले सुने लागे, हा प्रकार मोबाइल आल्यावर उलट वाढला आहे. आता लेक समोर असावीही लागत नाही. उत्तर देताना फोनवरचं बोलणं तुम्ही ऐकलं हे लपवू नका. पोळी ताटात वाढता वाढता: "आज निफाड तालुका जमलाय आई, तुमच्या माहेरचा. गरम आहे तोवर घ्या."

यात उलट बोलल्याचा आरोप करता येत नाही, माहेरचं नाव निघालंय म्हणून पोळी नाकारताही येत नाही. सासूबाई हसल्या तर दुसऱ्या दिवशी त्या "आज सिन्नर का?" म्हणून विचारतील, आणि तेव्हापासून तो दोघींचा विनोद झाला. हसल्या नाहीत तर पुन्हा करू नका. रोज घालूनपाडून बोलणं हा विनोदाचा विषय राहत नाही, ते नवऱ्याने मध्ये पडायचं काम आहे.

8. बॉसला टोमणा मारावा का?

निरोप समारंभात. त्यांच्या, तुमच्या नव्हे.

9. जावयाची थट्टा केली तर चालते का? आणि जावयाने सासरी केली तर?

पहिल्याला परवानगी आहे, तीही पुरातन. "सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते" हा श्लोक जावयाला दहावा ग्रह ठरवतो: नेहमी वाकडा, नेहमी क्रूर, सतत पूजा हवी, आणि मुक्काम कायमचा कन्या राशीत. शेवटचा श्लेष तर बघण्यासारखा आहे. अधिक महिन्यात त्याला अनारसे आणि वाण देताना हा श्लोक म्हणायला हरकत नाही. ताट हातात असताना कोणी रुसत नाही.

जावयाने मात्र सासरी जपून राहावं. ज्याचं पान पहिलं वाढलं जातं त्याने आमटीवर केलेली गंमत गंमत राहत नाही. आत स्वयंपाकघरात ती तक्रार म्हणून पोचते आणि सासूबाई दुसरी आमटी करायला घेतात. साहेबाने शिपायाची, शिक्षकाने विद्यार्थ्याची केलेली थट्टा याच कारणाने फसते. समोरचा हसतो, कारण त्याला हसावं लागतं.

10. मुलांना टोमणे मारले तर ती सुधारतात का? "शेजारचा बघ" वगैरे.

नाही. मुलाला तेवढ्याच जोराचं उत्तर द्यायची मुभा नसते (प्र. 9 चा दुसरा भाग). ती मुभा देणार असाल तर जरूर मारा, आणि मग "शेजारचे बाबा बघा" ऐकायची तयारी ठेवा.

11. व्हॉट्सॲपवर माझे टोमणे नेहमी भांडणात संपतात. समोर बोललो तर सगळे हसतात. असं का?

संस्कृत साहित्यशास्त्राने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. रुद्रट या जुन्या शास्त्रकाराने वक्रोक्तीचे, म्हणजे वाकड्या बोलण्याचे, दोन प्रकार सांगितले: एक श्लेषावर चालणारी, दुसरी काकुवर, म्हणजे आवाजाच्या हेलावर. तुमचे टोमणे बहुधा दुसऱ्या जातीचे आहेत. "वा, छान केलंस" हे वाक्य आवाजात किमान चार अर्थांनी म्हणता येतं. फॅमिली ग्रुपवर त्याचा एकच अर्थ उरतो, आणि तो वाचणाऱ्याच्या त्या वेळच्या मूडवर ठरतो.

हसणारा चेहरा जोडल्याने फरक पडत नाही. उलट तो कुत्सित दिसतो. लिहायचंच असेल तर शब्दांतच खेळ असलेलं लिहा, जे कोणत्याही आवाजात वाचलं तरी गंमतच वाटेल. नाहीतर फोन करा. आणि पहाटेच्या "शुभ सकाळ"खाली टोमणा मारणं सोडाच. ते काका सगळ्यांनाच पाठवतात, त्यांचा कोणावर रोख नसतो.

12. गॅदरिंगसाठी फिशपाँड लिहायचे आहेत. कसे लिहू?

फिशपाँड म्हणजेच शेलापागोटे: निनावी चिठ्ठ्या पेटीत पडतात, कोणीतरी निवडतं आणि स्टेजवरून वाचतं. गाण्याची ओळ आणि पुढे नाव, हा सगळ्यात आळशी प्रकार. निम्म्या चिठ्ठ्या तशाच येतात आणि सगळ्यांना आपणच पहिले वाटतो.

दोन ओळी, शेवटी यमक, आणि माणसाची एकच सवय. वर्गात कधीच न दिसणाऱ्यासाठी:

वर्गातल्या हजेरीत याचं पान कोरं,
कँटीनच्या उधारीत पान भरलं पुरं.

नाव शेवटी घ्या. दुसऱ्या ओळीपर्यंत सभागृहाने ओळखलेलं असलं पाहिजे; नाव घेण्याआधी हशा आला की समजावं ओळ बसली. कोण कोणाबरोबर फिरतं यावरच्या चिठ्ठ्या मी वाचत नाही. मुलगा मिरवतो, मुलीच्या घरी मात्र फोन जातो. निनावीपणाचाही एक तोटा आहे: लिहिणारा समोर नसल्याने त्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. म्हणून मी निवडताना एकच बघतो, लिहिणाऱ्याने हे तोंडावर म्हटलं असतं का. शंका आली की चिठ्ठी खिशात.

13. ज्याला विनोद कळतच नाही, अशा माणसाचं काय करायचं?

या प्रश्नावर नाशिककरांइतका अधिकार कोणाचाच नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा पंचवटीत येऊन रामाला लग्नाची मागणी घालते. राम हसत तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण म्हणतो, मी पडलो दास, माझी बायको होऊन तू दासी होशील. त्यापेक्षा त्यांचीच धाकटी बायको हो. तिला ते खरं वाटतं. वाल्मीकी तिथे तिच्यासाठी शब्द वापरतात: परिहासाविचक्षणा, थट्टा न उमगणारी. ती सीतेवर धावून जाते, तेव्हा राम लक्ष्मणाला बजावतो की क्रूर आणि अनार्य माणसांशी कधीही थट्टा करू नये. पुढे नाकाचं काय झालं ते सांगायला नको.

यात दोष कोणाचा, यावर पंचवटीत वाद घालू नये असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. पण एवढं दिसतंच की ती मनापासून बोलत होती आणि समोरचे दोघे खेळत होते. टोमणा बहुतेकदा इथेच फसतो. समोरचा मठ्ठ असतो म्हणून फसतो असं नाही; त्याच्या दृष्टीने विषय गंभीर असतो. नव्या दुकानात पैसे अडकलेल्या माणसाला "गिऱ्हाईक मोजायला बोटं पुरतात का?" विचारलं तर हजरजबाबी माणूसही शूर्पणखा होतो. सहा महिन्यांनी, दुकान चालायला लागल्यावर, हेच विचारा.

14. आपल्याकडे शिव्या द्यायचीही परंपरा आहेच की! मग एवढं सोवळं कशाला?

परंपरा आहे, आणि ती फार शिस्तीची आहे. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड या गावांच्या बायका श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्यालाच बोरीचा बार म्हणतात. होळीची बोंब आहे. विहिणींची उणीदुणी काढणारी लग्नातली गाणी आहेत. कलगी-तुऱ्याच्या फडातले सवाल आहेत, जिथे एका पक्षाने कोड्यात अपमान करायचा आणि दुसऱ्याने तालात उत्तर द्यायचं.

या सगळ्यांना दिवस ठरलेला, हद्द ठरलेली, आणि दोन्ही बाजूंना सारखीच संधी. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला यातलं काहीच नसतं.

15. नेमकं काय अजिबात बोलू नये? कायद्यात अडकण्याची भीती असते का?

रंग, व्यंग, मूल नसणं, गरिबी, कोणाच्या घरचं दुःख, यांवर बोलून आजवर कोणी हुशार ठरलेलं नाही. माणूस करतो त्यावर बोलावं. तो आहे त्यावर नाही. कारण साधं आहे, त्यात निरीक्षण लागत नाही (प्र. 2).

जातीवरून तर नाहीच. काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 पासून ज्या शहरात सत्याग्रह चालला तिथे हे वेगळं सांगावं लागतं, हेच वाईट आहे. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं, जातीवाचक शिवी देणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "गंमत केली" म्हणून तो सुटत नाही.

बाकी कायद्याचं थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 356 मध्ये बदनामी येते: दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. समोरच्याने शांतता भंग करावी अशा इराद्याने केलेला अपमान कलम 352 मध्ये, आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द वा हावभाव कलम 79 मध्ये. नाव घेतलं नाही तरी ऐकणाऱ्यांना माणूस ओळखता येत असेल तर बदनामी होऊ शकते. आणि "खरं तेच बोललो" एवढ्याने भागत नाही; ते बोलणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दादाचा फोन बिलाच्या वेळी वाजण्यात लोकहित दाखवणं कठीण आहे, पण दादा कोर्टाचा खर्चही करणार नाही.

16. माझा टोमणा एकाला फारच लागला. आता?

माफी मागा. "तुला लागलं असेल तर" या शब्दांनी सुरुवात करू नका आणि माफीत विनोद घालू नका. चारचौघांत बोलला असाल तर माफीही चारचौघांत.

17. अत्रे, पु. ल. यांचे किस्से फॉरवर्ड होतात. ते कार्यक्रमात सांगू का?

खात्री नसेल तर नावाशिवाय सांगा. हजरजबाबी माणसाच्या नावावर मेल्यानंतरही किस्से जमा होत राहतात. "मी तुमची बायको असते तर कॉफीत विष घातलं असतं", "मी नवरा असतो तर ते प्यायलो असतो", ही देवघेव ब्रिटिश खासदार लेडी ॲस्टर आणि चर्चिल यांच्या नावावर जगभर फिरते. पण हा विनोद 1900 च्या सुमाराला अमेरिकी वृत्तपत्रांत छापून येत होता, आणि ॲस्टरबाई खासदार झाल्या 1919 साली. शिवाय उसना किस्सा प्र. 2 मधल्या चाचणीत नापास होतो.

18. माझ्या साडूसाठी एखादा तयार टोमणा लिहून द्याल का?

मी तुमच्या साडूला ओळखत नाही.

19. दहाव्याला गेलेल्या माणसाची थट्टा केलेली चालते का?

रामकुंडावर थोडा वेळ उभे राहा, उत्तर मिळेल. पिंड ठेवलेला असतो, कावळा लांब बसून बघत असतो, ऊन चढतं. आधी गंभीरपणे इच्छा विचारल्या जातात: "धाकट्याचं शिक्षण पूर्ण करू अण्णा." कावळा हलत नाही. मग कोणीतरी जुना मित्र पुढे होतो: "अण्णा, रमीतले माझे चाळीस रुपये सोडले तुला. ये आता." आणि रडून डोळे सुजलेल्या घरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसतात.

तर चालते, पण अटी आहेत. बोलणारा मित्र निदान गेलेल्याच्या वयाचा हवा. गेलेला माणूस जिवंतपणी अशा बोलण्यावर हसणारा हवा. थट्टेतली गोष्ट घरच्यांना आधीपासून माहीत हवी. दहाव्याला नवी उधारी उघडकीला आणू नये. अकाली मृत्यू असेल तर एक शब्दही नाही. आणि जावयाने गप्प राहावं, कारण प्र. 9 मध्ये दिलं आहे.